तालुक्याच्या गावचे नाराज गिऱ्हाईक

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत आढळणाऱ्या सामाजिक प्रकारांपैकी पुढारी, वार्ताहर, दलाल आणि निवृत्त मुख्याध्यापक यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी या चौघांच्याही अंगात अधूनमधून संचारणारा आणि स्वतंत्र नोंदीस पात्र असलेला एक प्रकार उपेक्षितच राहिला आहे, तो म्हणजे नाराज गिऱ्हाईक. नाराज गिऱ्हाईक म्हणजे फसवले गेलेले गिऱ्हाईक नव्हे. ज्याची खरोखर फसवणूक होते तो एकतर ग्राहक आयोगाची पायरी चढतो किंवा नशिबाला बोल लावून गप्प बसतो. नाराज गिऱ्हाईक यांपैकी काहीच करत नाही, कारण त्याचे नुकसान सहसा दहा रुपये, दहा मिनिटे किंवा एक भाजलेला पापड यांच्या पलीकडे जात नाही, आणि ते कोणी तत्परतेने भरून दिलेच तर पुढे काय बोलावे, अशी त्याची पंचाईत होते. गिऱ्हाईक व्याकरणाने नपुंसकलिंगी असले, तरी हा प्रकार प्रामुख्याने पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत दिसून येत असल्यामुळे येथे त्याचा उल्लेख पुल्लिंगी केला आहे. त्याच्याबरोबर आलेली त्याची पत्नी त्याच टेबलावर, त्याच वेटरच्या हातचे, तेच जेवण कसलीही कुरकुर न करता जेवून उठते, ही बाब अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

या प्रकाराच्या निरीक्षणासाठी नाशिक जिल्ह्यातील नांदगाव सोयीचे आहे. नांदगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर असले, तरी त्या मार्गावरून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या तेथे न थांबता पुढे जातात. जंक्शन आहे ते सुमारे २५ किलोमीटरवरचे मनमाड, जे नांदगाव तालुक्यातच मोडते आणि लोकसंख्येत आपल्याच तालुक्याच्या मुख्यालयाला केव्हाच मागे टाकून बसले आहे, आणि मुंबईला जाणारी पंचवटी एक्स्प्रेस सुटते तीही मनमाडहूनच. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, पण त्याच्या कालव्यांचे पाणी जाते मुख्यतः खाली जळगाव जिल्ह्यातल्या शेतांना. अशा गावात वाढलेल्या माणसाची, सोय म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याकडे जाणारी वस्तू, अशी धारणा लहानपणीच होत असेल तर त्यात नवल नाही, आणि आपल्यामागून आलेल्या टेबलाकडे निघालेल्या भाकऱ्यांच्या टोपलीकडे तो ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेमागे एवढा सगळा भूगोल उभा आहे. असंतोष पुण्यातही विपुल आहे, परंतु तेथे तक्रार दुकानदार करतो, ती पाटीवर लिहून दर्शनी भागात टांगतो आणि गिऱ्हाईक ती वाचून ओशाळते. नांदगावात पाट्यांची परंपरा क्षीण असल्यामुळे तक्रारीचे सगळे काम गिऱ्हाइकाला एकट्याने आणि तोंडी करावे लागते.

त्याची वंशावळ मात्र प्रतिष्ठित आहे. ग्राहकांनी संघटित व्हावे या विचाराने बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन ठरला, आणि त्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. ही सनावळी नाराज गिऱ्हाइकाला मुखोद्गत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये ‘अअ ग्राहक’ अशा नावाने, म्हणजे यादीत सर्वांत वर राहील अशा बेताने, साठवलेला असतो, आणि तो त्याने आजवर कधीही लावलेला नसतो. चळवळीने त्याला हक्क दिले, पण संघटित होणे काही त्याला साधले नाही, कारण शेजारच्या टेबलावर बसलेल्या दुसऱ्या नाराज गिऱ्हाइकाविषयीही त्याची तक्रार असतेच.

त्याचे मुख्य कार्यक्षेत्र हॉटेल. हॉटेल म्हणजे येथे मुक्कामाची जागा अभिप्रेत नसून खाण्याची जागा अभिप्रेत आहे, जिच्या तोंडाशी गल्ला, गल्ल्यामागे मालक, मालकाच्या डोक्यावर हार घातलेली तसबीर आणि आतल्या बाजूला भिंतीला लागून सनमायकाची टेबले असतात. आत शिरताना तो आधी पंखे पाहतो आणि पंख्याखालचे टेबल मिळवतो. मग पंखा फार जोरात असल्यामुळे जेवण गार होईल, असे सांगून तो कमी करायला लावतो, आणि रेग्युलेटर बिघडलेला असल्यामुळे पंखा एकतर जोरात किंवा बंद एवढ्या दोनच अवस्थांत राहू शकतो हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर पहिले समाधान उमटते. टेबल पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फडक्याविषयी त्याचा सिद्धान्त असा की त्या फडक्याने टेबल स्वच्छ होत नाही, आधीच्या माणसाच्या जेवणाची सर्वत्र समान वाटणी तेवढी होते. पाण्याचे चार पेले एकाच हाताने उचलताना वेटर प्रत्येक पेल्यात एक बोट घालतो, हा प्रश्न त्याच्या वडिलांच्या काळापासून प्रलंबित आहे. त्यात आता ‘साधं पाणी देऊ का बाटली?’ या विचारणेची भर पडली असून, दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला पाणी विकत हवे का असे विचारणे हा त्याला उघड अपमान वाटतो, आणि साधे पाणी मागितल्यावर ते पिताना त्याच्या मनात शंकाही येते.

प्रतीक्षा हा या शास्त्राचा गाभा आहे. रांगेत थांबणाऱ्यांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या निबंधात असे मांडले आहे की रिकामा गेलेला वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबावे लागणार हे ठाऊक नसले तर तो आणखी लांबतो, आणि ज्या प्रतीक्षेत न्याय दिसत नाही ती न्याय्य प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. मेस्टर यांनी नांदगाव पाहिले असण्याचा संभव नाही, पण त्यांची ही सगळी सूत्रे ‘आलो’ या एका उद्गारात सामावलेली आहेत. ‘आलो’ हे वेटरने पाठमोरे असताना उच्चारायचे वचन असून त्यातील भूतकाळ केवळ शिष्टाचारापुरता असतो. ‘आलोच’ असे म्हटले गेल्यास थांबण्याचा अवधी दुप्पट धरावा, आणि ‘आलो ना काका’ असे म्हटले गेल्यास आपण मघाशी जे मागवले ते आत भटारखान्यात सांगायचे राहून गेले आहे, असे खुशाल समजावे.

अखेर वेटर येतो आणि ‘काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून शेवभाजी, भरीत, मटकी, पिठले, डाळतडका आणि पनीरचे पाचसहा प्रकार एका दमात म्हणून दाखवतो. नाराज गिऱ्हाईक गेली वीस-पंचवीस वर्षे त्या जागी शेवभाजीच खात आला आहे आणि आजही तेच खाणार आहे, हे दोघांनाही माहीत असते. तरीही तो यादी पुन्हा म्हणायला लावतो, मध्येच भरीत मागतो, भरीत संपले असे कळल्यावर ‘मग सांगितलं कशाला?’ असे विचारतो आणि मगच शेवभाजीवर येतो. शेवभाजी म्हणजे काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात जाड तिखट शेव सोडून केलेला खानदेशी पदार्थ, जो खानदेशाच्या वेशीवर असलेल्या नांदगावात घरोघरी आणि हॉटेलोहॉटेली होतो. त्यातील शेव अगदी वाढण्याच्या वेळी घालायची असते, कारण ती रश्श्यात फार वेळ राहिली तर फुगून तिचा लगदा होतो, आणि नेमक्या याच गुणधर्मामुळे हा पदार्थ नाराजीच्या अभ्यासाला अत्यंत अनुकूल ठरला आहे. भाजी येते तेव्हा भाकरी तव्यावर असते. भाकरी येईपर्यंत शेव मऊ पडते. मऊ पडलेली शेव तो नुसतीच खातो. भाकरी आल्यावर भाजी संपलेली असते म्हणून रस्सा मागवला जातो. रस्सा येईपर्यंत भाकरी कांद्याबरोबर संपते. मग अर्धी भाकरी मागवली जाते, आणि अर्धी भाकरी देत नाहीत असे समजल्यामुळे पूर्ण मागवावी लागते, जिच्यासाठी पुन्हा रस्सा लागतो. या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग भात हा आहे, पण भात संपलेला असतो. एवढे होऊनही ‘भाजी कशी होती?’ असे मालकाने विचारल्यास तो ‘भाजीला नाव ठेवायला जागा नाही’ असेच म्हणतो आणि ते खरे असते. नाराज गिऱ्हाइकाचे भांडण पदार्थाशी कधीही नसते. ते पदार्थ आणि तोंड यांच्या मधल्या अंतराशी असते.

गावाबाहेर रस्त्यालगत जी नवी ‘फॅमिली गार्डन’ हॉटेले झाली आहेत, जेथे हिरवळ, झोके आणि मिणमिणते दिवे असतात, तेथे हे अंतर वाढवण्यासाठी तंत्रज्ञानाची मदत घेतली जाते. तेथे मेनूकार्डाऐवजी टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. क्यूआर कोड म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, कॅमेऱ्याने वाचता येणारा चौकोन, जो जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तयार केला. कारखान्यात तेलकट हात लागणारच हे ओळखून त्यांनी त्याची रचना अशी केली की त्याचा जास्तीत जास्त ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता यावा. तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लालभडक तेलाचा थर, या हिशेबात धरलेली नव्हती. २०२० च्या साथीत कागदाला हात लागू नये म्हणून मेनूचे हे चौकोन सर्वत्र आले, साथ ओसरली आणि चौकोन राहिले. नाराज गिऱ्हाईक चौकोनावर मोबाइल धरतो, तर्रीचा डाग नखाने खरवडतो, मोबाइल लांब नेतो, जवळ आणतो, आणि चौकोन वाचला गेलाच तर इंटरनेट नसते. वायफाय असते पण त्याला पासवर्ड असतो, पासवर्ड वेटरला ठाऊक असतो, आणि वेटर आल्यावर पासवर्ड सांगण्याऐवजी मेनू तोंडीच सांगून टाकतो. येथे वाचकाने नाराज गिऱ्हाइकाला हसण्याची घाई करू नये, कारण या एका बाबतीत तो सोळा आणे बरोबर आहे.

तथापि त्याच्या प्रतिभेला खरा बहर येतो तो पैसे देताना. यूपीआय, म्हणजे एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात मोबाइलवरून तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था, भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये आणली, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटबंदीने ती लोकांच्या गळी उतरवली, आणि आज नांदगावच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवालीपासून सर्वांकडे तिचा चौकोन लटकलेला दिसतो. चौकोनाशेजारी पैसे जमा झाल्याची वर्दी मोठ्या आवाजात देणारी एक डबी असते, आणि मालकाचा विश्वास गिऱ्हाइकावर नसून त्या डबीवर असतो. नाराज गिऱ्हाईक चौकोन टिपतो, रक्कम घालतो, खिशातून रुमाल काढून त्याच्या आडोशाने चार आकडे दाबतो आणि मोबाइलच्या पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागते. वर्तुळ फिरत असताना गल्ल्यापाशी चारपाच माणसे जमतात. ‘गेले का?’ मालक विचारतो. ‘गेले,’ नाराज गिऱ्हाईक सांगतो. ‘आले नाहीत,’ मालक म्हणतो, आणि तेवढ्यात डबी बोलते, पण ती दहा रुपयांची, म्हणजे बाहेरच्या चहावाल्या गिऱ्हाइकाची, वर्दी असते. मग तो रेंज मिळावी म्हणून मोबाइल डोक्यावर धरून रस्त्यावर जातो. तो पैसे न देता निघाला असावा असे वाटून वेटर दाराशी उभा राहतो. आणि बँकेकडून रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो, डबी मात्र मौन पाळते.

सामान्य गिऱ्हाईक अशा वेळी हताश होते, परंतु नाराज गिऱ्हाइकाच्या अंगात याच क्षणी बळ येते, कारण भारतीय रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक त्याला पाठ असते. त्या परिपत्रकानुसार गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे व्यवहाराची खातरजमा पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे. तो परिपत्रकाचा सारांश गल्ल्यावर सांगतो, पत्नीच्या पाकिटातून नोटा घेऊन बिल चुकते करतो आणि घरी जाऊन दिवस मोजू लागतो. शेवभाजीच्या १४० रुपयांवर सहाव्या दिवसापासून रोज १०० रुपये, म्हणजे पंधरवड्यात केवढी रक्कम होईल, याचा हिशेब तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी १४० रुपये परत येतात. त्या दिवशी तो कोणाशी फारसे बोलत नाही.

बिलाच्या कागदाविषयीही त्याची तयारी जय्यत असते. साध्या उपाहारगृहांतील जेवणावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणजे १४० रुपयांवर ७ रुपये, आणि जो हॉटेलवाला लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असतो त्याला हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. त्यामुळे तो बिलाच्या तळाशी असलेला बारीक मजकूर चष्मा कपाळावर सरकवून वाचतो आणि बेरीज दोनदा करतो. बेरीज बरोबर निघते. त्याचे सर्वांत धारदार शस्त्र मात्र म्यानातच गंजत पडले आहे, ते म्हणजे सेवाशुल्क. हॉटेलांनी बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढल्या, त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. या निकालाचे कात्रण तो पाकिटात बाळगतो. परंतु नांदगावात कोणीच सेवाशुल्क लावत नाही. आपल्या गावात साधा अन्यायसुद्धा धड मिळत नाही ही त्याची खंत आहे, आणि लग्नकार्यासाठी नाशिकला गेल्यावर तो एखाद्या महागड्या हॉटेलात शिरून बिलाची वाट पाहत बसतो, ती केवळ या आशेने.

हॉटेलाबाहेरच्या यंत्रांशी त्याचे असलेले वैर येथे थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा आणि काही मिनिटांत निकामी होणारा अंकसमूह, त्याच्याकडे निकामी झाल्यावरच येतो. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या ॲपमध्ये कित्येक वर्षे अशी अट होती की स्थानकाच्या आवारात उभे राहून तिकीट काढता येत नसे. तपासनीस दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढणाऱ्यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू होता, पण गाडी फलाटाला लागत असताना तिकिटासाठी स्थानकाबाहेर पळणारा प्रामाणिक माणूस हे दृश्य त्यातूनच निर्माण झाले. सायबर फसवणुकीपासून सावध करणारी सरकारी सूचना २०२४-२५ मध्ये फोन लागण्याआधी वाजत असे, आणि ती इतक्या वेळा ऐकली गेली की १९३० हा सायबर तक्रारींचा क्रमांक त्याला नातवाच्या जन्मतारखेपेक्षा पक्का झाला. ग्राहक सेवा केंद्राला फोन लावल्यावर यंत्र त्याला मराठीसाठी एक आकडा दाबायला सांगते, तो अभिमानाने दाबतो, यंत्र मराठीत ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असे सांगत राहते आणि अखेर जो माणूस बोलू लागतो तो हिंदीत बोलतो. नाराज गिऱ्हाइकाला हिंदीत रागावता येत नाही. राग ‘ऐसा कैसा चलेगा’ या वाक्यापाशी संपतो.

या सर्व तपशिलांतून एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वी नाराजीला पत्ता होता. चहा पांचट झाला तर गल्ल्यावर मालक होता, दूध पातळ आले तर गवळी दारात होता, तार उशिरा पोहोचली तर पोस्टमास्तर खिडकीपलीकडे होता, आणि या सर्वांना तोंडावर चार शब्द सुनावता येत, त्यांचे चार शब्द ऐकूनही घेता येत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच उधारीवर माल घेता येत असे. आता ‘सर्व्हर डाउन आहे’ असे मालक सांगतो, आणि तो सर्व्हर नेमका कोठे असतो, त्याचा साहेब कोण, त्याची जेवणाची सुट्टी केव्हा, हे खुद्द मालकालाही ठाऊक नसते. बँकेचे ॲप चूक कबूल करत नाही, ते ‘काहीतरी चुकले’ असे म्हणते, आणि काहीतरी चुकले असे म्हणणाऱ्याशी भांडण सुरू तरी कसे करणार? तक्रार करणे हा या माणसाचा गावाशी बोलण्याचा प्रकार होता आणि समोरचा माणूसच नाहीसा झाल्यामुळे तंत्रज्ञानावरचा सगळा राग जो एकमेव जिवंत माणूस हाताशी उरला आहे त्याच्यावर, म्हणजे वेटरवर, निघू लागला आहे. भाकरीला उशीर झाला म्हणून तो जेवढा चिडतो, तेवढ्यापैकी निम्मी चीड त्या दिवशी दुपारी न आलेल्या ओटीपीची असते.

वेटरला हे कळत असावे. विशीतला, आजूबाजूच्या खेड्यातून किंवा थेट दुसऱ्या राज्यातून आलेला हा मुलगा प्रत्येक तक्रारीला ‘हो ना काका’ म्हणतो, आणि या सहमतीपुढे भल्याभल्यांची नाराजी निष्प्रभ होते. शिवाय एक व्यवहार या दोघांत असा चालतो ज्याची वाच्यता कोणी करत नाही. जेवण आटोपून गर्दी ओसरली की नाराज गिऱ्हाईक आपला मोबाइल हळूच त्याच्यापुढे सरकवतो आणि ‘हे बघ रे, दोन दिवस झाले, आवाजच येत नाही’ असे म्हणतो. मुलगा ओले हात शर्टाला पुसतो, पडद्यावर दोनदा बोट फिरवतो, चुकून चालू झालेला विमानातला मोड बंद करतो, सुप्रभातच्या फुलांच्या आणि देवादिकांच्या चित्रांनी भरलेली साठवण मोकळी करतो, अक्षरे मोठी करून देतो आणि ‘काका, ते अपडेट आलं की लगेच करत नका जाऊ’ असा सल्ला देतो. ज्याच्यापासून चार आकडे लपवण्यासाठी मघाशी रुमालाचा आडोसा केला होता, त्याच्याच हातात पाच मिनिटे संपूर्ण मोबाइल असतो. एवढे झाल्यावर नाराज गिऱ्हाईक म्हणतो, ‘मोबाइलचं जमतं, भाकरीचं तेवढं जमत नाही तुला,’ आणि हे त्याच्या बोलीत आभारप्रदर्शन समजले जाते.

रात्री तो गुगलच्या नकाशावर त्या हॉटेलाविषयी अभिप्राय लिहितो. हा अभिप्राय पाच ताऱ्यांपैकी किती द्यायचे ते ठरवून द्यायचा असतो, आणि त्याचा नमुना साधारणपणे असा असतो: ‘शेवभाजी उत्कृष्ट. भाकरी वेळेवर नाही. पंखा जोरात. मुलगा चांगला आहे पण लक्ष नसते. दोन तारे.’ मालक तो वाचतो, दुसऱ्या दिवशी नाराज गिऱ्हाईक दारात दिसताच ‘या, दोन तारे’ असे म्हणत पंख्याखालचे टेबल दाखवतो, आणि तो बसतो.

यूपीआय आल्यापासून झालेला एक बदल मात्र त्याच्या तक्रारींच्या यादीत कोठेही आढळत नाही. पूर्वी बिल बडीशेपेच्या बशीतून येई, नोट त्याच बशीत ठेवली जाई, सुटे पैसे परत येत आणि त्यातले काही बशीतच सोडले जात. ते वेटरचे असत. आता रुपयापैशांसह नेमकी रक्कम थेट मालकाच्या खात्यात जमा होते, डबी ती जाहीर करते आणि बशी रिकामी परत जाते. मेनूच्या चौकोनाने, सर्व्हरने किंवा गिऱ्हाइकाच्या उशिरा आलेल्या ओटीपीने जेवढे नुकसान कोणाचे केले नसेल तेवढे या रिकाम्या बशीने वेटरचे केले आहे, आणि त्यासाठी ना परिपत्रक आहे ना भरपाई. नाराज गिऱ्हाईक यावर चकार शब्द काढत नाही. तो शर्टाच्या खिशात दहाचे एक नाणे वेगळे ठेवतो आणि उठताना ते ताटाखाली सरकवतो. दहाची नाणी बनावट असल्याच्या अफवेमुळे महाराष्ट्रातल्या लहान गावांतले पुष्कळ दुकानदार ती घेईनासे झाले, तेव्हा बाजारात आलेले त्यांचे चौदाही नमुने वैध आहेत असे रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करावे लागले. तरी किराणा दुकानात अजूनही कुरकुर होते, वेटर मात्र कुरकुर करत नाही. तेव्हा नांदगावच्या बाजूला जेवायला जाणाऱ्याने मोबाइल चार्ज केलेला असो वा नसो, खिशात दहाचे एक नाणे अवश्य ठेवावे.